गाडीत सांगितलेला सिनेमा

निजामाचं राज्य गेल्यापासून मी बार्शीला जाऊन चार-पाच सिनेमे पाहिले. माझ्यासारख्याच्या मानानं हे पुष्कळ झाले. मी खेड्यातला शाळामास्तर, चाळिशी केव्हाच उलटून गेलेला. सिनेमाचा शौकीन म्हणावं असा मी नाही. नटांची नावं लक्षात राहत नाहीत आणि गाण्यांच्या चाली येडशी स्टेशनावर उतरेपर्यंत एकमेकींत मिसळून जातात. येडशीहून छोट्या आगगाडीत बसायचं, बार्शीला दुपारचा खेळ पाहायचा, थिएटरबाहेर भजी खायची आणि परत यायचं, एवढीच हौस.

पारावर लोक विचारतात, "मास्तर, कसा व्हता पिक्चर?" मी म्हणतो, "बरा होता." यापलीकडे मी कधी बोललो नाही. आता लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. मला प्रत्येक सिनेमाची भीती वाटली.

पहिला पाहिला तो विनोदी होता. एक जावई सासऱ्याला चुकवायला ज्वारीच्या कणगीत लपून बसतो. सासरा नेमका त्याच कणगीला टेकून विडी ओढत बसतो, आणि धुरानं आतल्याला ठसका लागतो. थिएटर हसून लोळत होतं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बाई, मेला गं हा!" म्हणून ओरडलं, तशी आणखी हशा उसळला. मी मात्र खुर्चीची कड धरून बसलो होतो. सासऱ्यानं कणगीवर काठी आपटली तेव्हा मला वाटलं, आता हा ओढून बाहेर काढणार आणि विचारणार, कोण रे तू, इथं काय करतोस. पडद्यावर गंमत चालली होती आणि माझ्या सदऱ्याच्या आत घाम उतरत होता.

माझ्या उजव्या हाताला आमच्या गावचे पिंजारी बसलेले होते. कापूस पिंजून गाद्या, रजया भरून देणारे. गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणतो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे असतील. ते डाव्या हातानं मांडीवर थाप मारून हसत होते. उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. तो हात नीट वळत नाही. त्या हाताकडं मी सहसा बघत नाही.

दुसरा पौराणिक होता. देव पाहुणा होऊन एका गृहस्थाच्या घरी उतरतो, गृहस्थ त्याला ओळखत नाही, नाही नाही ते बोलतो. शेवटी देव म्हणतो, तू मला ओळखलं नाहीस, पण मी तुला पहिल्यापासून ओळखून आहे. लोकांनी हात जोडले. पुढं कुणी तरी पडद्याच्या दिशेनं फुलंसुद्धा टाकली. मला उजवीकडं मान वळवायचं धाडस झालं नाही. चाचा माझ्याकडंच बघत असतील असं वाटलं. मान वळवली असती तर कदाचित ते शेंगा सोलताना दिसले असते. पण मी वळवली नाही.

आणि तिसरा तो कोर्टाचा. त्याच्याविषयी मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण त्याच दिवशी सगळं घडलं.

एका गिरणीत आग लागते. एका कामगारावर आळ येतो. गिरणीतला एक कारकून साक्षीला उभा राहतो. मला वाटलं होतं हा आता खोटं बोलेल, जसे सिनेमात खोटे साक्षीदार बोलतात, डोळे फिरवून. पण तो खोटं बोललाच नाही. मान खाली घालून, अगदी हळू आवाजात, तो एवढंच म्हणाला, "हा माणूस नेहमी त्या बाजूला जात असतो." आणि ते खरं होतं. कामगार रोजच त्या बाजूला जात असे, पाणी प्यायला. कोर्टानं कामगाराकडं पाहिलं, लोकांनी पाहिलं, आणि कारकून खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानं धोतराचा सोगा नीट केला.

त्या सोग्यापाशी मी उठलो. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आलो. "आंधळा हैस का रं?" असं कुणी तरी ओरडलं. बाहेर भज्याच्या कढईजवळ येऊन उभा राहिलो.

माझ्यामागं चाचा आले.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. गरम झालं आत."

"पैसं वाया घालवलं राव. आता कुठं रंग भरत व्हता."

"तुम्ही जा ना आत. मी बसतो इथं."

ते गेले नाहीत. भजी घेतली, कागद माझ्यासमोर धरला. मी हात पुढं केला नाही.

आता जरा मागचं सांगतो, नाही तर हे कळायचं नाही.

निजामाच्या अमदानीत मी सरकारी शाळेत मास्तर होतो. राज्य जायच्या आधीचं ते शेवटचं वर्ष. बार्शी हद्दीपलीकडं, इंग्रजांच्या मुलखात. तिथलं राज्य त्याआधीच बदललेलं. तिथं झेंडे लागलेले, वर्तमानपत्रं उघड वाचली जायची, आमच्या मुलखातले पळून गेलेले लोक तिथं राहायचे. त्यामुळं बार्शीहून येणाऱ्या माणसाकडं नाक्यावर वेगळ्या नजरेनं बघायचे. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाकेदार पिशवी उलटी करून झटकायचा. साखर, कापड शोधायचा म्हणायचं, पण नजर कागद शोधायची. आम्हा सरकारी नोकरांना तर इजाजतीशिवाय हद्द ओलांडायची सोय नव्हती. एकदा मी हेडमास्तरांना सांगितलं की दाढ काढायची आहे, आणि दाढ न काढता सिनेमा पाहिला.

त्या दिवशीसुद्धा भीती होतीच, पण तिच्यात गोडी होती. अंधारात बरं वाटलं. मध्यंतरात दिवे लागले तसा मी गालाला उपरणं लावून दाढ दुखत असल्यासारखा बसलो. आमच्या मुलखातलं ओळखीचं तोंड दिसलं तर? दिवे पुन्हा गेले तसा जीव भांड्यात पडला.

सिनेमा एका राजाचा होता. कुठल्या तरी परमुलखातला राजा, वाळवंट, उंट, पिसाऱ्याचा मुगुट. रयत गांजलेली. शेवटी रयत राजवाड्यावर चालून जाते, आणि राजाचा मुगुट पायऱ्यांवरून घरंगळत खाली येतो. तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं होतं. मीही उभा राहिलो होतो. मी, सरकारी मास्तर.

येडशीला उतरलो तर बाजाराहून परतणारी एक बैलगाडी मिळाली. आमच्या पलीकडच्या गावचे लोक होते, मला ओळखत नव्हते; मास्तर असेल कुणी तरी, एवढंच. गाडीत चाचाही होते. त्यांची ती पिंजणीची लांब कमान गाडीच्या बाहेर आलेली, तिच्यावर कापसाचे तंतू चिकटलेले.

आमच्याकडं सिनेमा पाहणारा एक असतो आणि ऐकणारं सगळं गाव. चाचा कापसाच्या कामाला बार्शीला जायचे, तिथं सिनेमा पाहायचे, आणि मग ज्या अंगणात कमान मांडतील तिथं पिंजता पिंजता सांगायचे. पण ते सांगणं म्हणजे पाहिलं तसं सांगणं नव्हे. तसं सांगितलं तर आमची माणसं विचारतात, "म्हंजी कसं?" दरबार म्हणजे कसा? तर कचेरीसारखा. सेनापती म्हणजे? आपला अमीनसाब, पोलीस ठाण्याचा. राजवाड्याच्या पायऱ्या म्हणजे? तहसील कचेरीच्या. सिनेमा असा आपल्या मुलखात आणून बसवावा लागतो, तेव्हा तो लोकांना दिसतो.

गाडीत कुणी तरी म्हटलं, "चाचा, काय तरी सांगा पिक्चरचं." चाचांनी एक सुरू केला. तो लोकांनी ऐकलेला होता. "ह्यो झाला की मागं!" म्हणाले. आणि मी, जो कधी तोंड उघडत नाही, तो मध्ये पडलो. "मी सांगतो. आजच पाहून आलोय."

मला काय झालं होतं कुणास ठाऊक. मुगुट अजून डोळ्यांपुढून घरंगळत होता. मी सांगत सुटलो. परमुलखातला राजा गळून पडला, उंट गळून पडले. कचेरी आली, कचेरीच्या पायऱ्या आल्या, अमीन आला, करोडगिरीचा नाकेदार टेबलाखाली लपला. कचेरीच्या पायऱ्यांवरून मुगुट खाली आला तेव्हा गाडीवानानं बैल थांबवले. एक म्हातारा म्हणाला, "असंच पायजे भाड्याला!" आणि गाडी हसली. इतकी माणसं माझ्या बोलण्यावर कधी हसली नव्हती.

चाचा हसले नाहीत. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, जरा हळू. मुलूख कुणाचा हाय?"

गोष्ट माझ्या पुढं पळाली. आठवड्याच्या आत ती चार गावांत झाली. ऐकणाऱ्यानं पुढं सांगताना राजा काढून टाकला असेल, नुसता अमीन आणि नाकेदार ठेवला असेल. आणि एक दिवस शाळेच्या दारात खरा अमीन उभा राहिला.

पोरं पाढे म्हणत होती ती गप्प झाली. अमीन खुर्चीवर बसला नाही. छडी हातावर मारत म्हणाला, "मास्टर साब, एक गाडी में किस्सा सुनाया गया. सरकार के खिलाफ. आप थे उस गाडी में?"

"जी."

"एक पिंजारी भी था. कमानवाला."

"जी."

पलीकडच्या गावचे लोक त्यानं आधीच विचारले होते, हे मला तेव्हा कळलं. कोण बोललं ते त्यांना आठवत नव्हतं, की सांगायचं नव्हतं; कमान आठवत होती. त्यानं विचारलं, "किस्सा कौन सुना रहा था?"

मी खरं बोललो. अक्षरशः खरं. "साहेब, पिंजारी नेहमी सांगत असतो सिनेमाच्या गोष्टी."

अमिनानं मान हलवली. तो जाईपर्यंत मी उभा होतो. मग पोरांना म्हणालो, "म्हणा, बे एके बे." माझ्या आवाजात काही फरक नव्हता. त्याचीच मला पुढं जास्त भीती वाटली.

चाचांना त्याच दिवशी बाजारातून उचललं. बऱ्याच दिवसांनी ते परत आले तेव्हा उजवा हात मनगटापाशी वाकडा जुळला होता. पिंजायला ताकद लागते; कमान डाव्या हातात तोलून धरायची आणि उजव्यानं लाकडी मुठा तिच्या ताणलेल्या तातीवर हाणायचा, तासन्‌तास. ते आता होणार नव्हतं. कमान त्यांनी आढ्याला अडकवून ठेवली. बायको गोधड्या शिवायची आणि ते बाजारात घेऊन बसायचे.

मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "या मास्तर. शाळा बरी चाललीय ना?" एवढंच. मला वाटलं हे सगळं ठाऊक असून बोलतायत. मग वाटलं, ठाऊक नाही म्हणून बोलतायत. एक गोष्ट त्यांना ठाऊक होतीच. गाडीत किस्सा कुणी सांगितला ती. ते माझ्या शेजारी बसले होते. पण अमिनाला त्यांचं नाव कुणी सांगितलं, ते त्यांना कळलं होतं का? आणि ठाण्यात त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, हे तर उघडच होतं, कारण माझ्याकडं कुणी आलं नाही.  यांनी माझ्यासाठी मार खाल्ला, आणि मी यांना विकलं.

पुढं हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं. ते दिवस आमच्या भागातल्या मुसलमानांना फार वाईट गेले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरगावचा एक घोळका काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आमच्याही गावात आला. भर सकाळी. चाचांच्या दाराशी आमचं गाव उभं राहिलं. पाटील पुढं होते. ते म्हणाले, "ह्या माणसाला हात लावायचा न्हाय. आमच्यापायी निजामाच्या ठाण्यात मार खाल्लाय त्यानं. राजा पाडायची गोष्ट सांगितली म्हणून हात मोडलाय त्याचा. तुमी काय केलं तवा, सांगा की!" घोळका थोडा वेळ घुटमळला आणि गेला.

मीही होतो त्या गर्दीत. मागं.

म्हणजे माझं खोटं गावानं खरं धरलं होतं, आणि ते चाचांच्या दाराला आडणा होऊन बसलं होतं. आता ते काढायचं कसं? ही माझी दुसरी भीती, पहिलीच्या पोटातली.

काही दिवसांनी सगळं निवल्यावर चाचाच म्हणाले, "चला मास्तर, बार्शीला जाऊ. आता कोण इचारतंय?" मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक सिनेमाला ते माझ्या उजव्या हाताला. पडद्यावर काहीही चालो, मी वाट बघायचो, आता हे विचारतील.

तर कोर्टाच्या त्या सिनेमातून बाहेर पडल्यावर आम्ही लवकरच्या गाडीनं परतलो. येडशी ते आमचं गाव पायी. उन्हं कलली होती, रामलिंगाकडचं रान डाव्या हाताला. चाचा तो सिनेमा पुढं कसा गेला असेल त्याचे अंदाज करत होते. "त्यो कारकून शेवटी रडणार बगा. साक्षीदार शेवटी रडतोच."

मी म्हणालो, "चाचा, अमिनाला तुमचं नाव मी सांगितलं होतं."

ते चालत राहिले. चालीत फरक पडला नाही.

"ठाव हाय," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. ठाण्यात पाय ठिवला तवाच म्हनले, तुमच्या मास्तरनंच सांगितलंय."

मी म्हणालो, "तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

इथं मात्र ते थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "घेतलं की."

मला कळेना.

"मी काय पीर हाय का मास्तर? पयल्यांदा न्हाय घेतलं. म्हनलं, शाळेचा मानूस, पोरंबाळं हायत. मग हातावर काठी बसाय लागली. तवा बोंबलून सांगितलं, किस्सा मास्तरचा हाय, मास्तरनं सांगितला, अल्लाची कसम. तर हसले. म्हनले, सरकारी नोकर असलं करतोय व्हय? झूट बोलतो म्हनून आनखी मारलं. हात मोडला त्यो तवा." त्यांनी वाकडा हात जरा पुढं केला आणि परत खाली सोडला. "तुमचं खोटं चाललं, माझं खरं न्हाय चाललं. फरक म्हनाल तर एवढाच."

 इतके दिवस ज्याच्या भलेपणाखाली मी दबून होतो, तो भलेपणा तिथं नव्हताच. तरी ओझं हललं नाही. उलट ते आता नुसतं माझंच झालं.

"लई भ्या वाटायचं मला," चाचा म्हणाले. "तुमाला कळलं आसंल म्या नाव घेतलं म्हनून. आता मास्तर उट्टं काढनार. म्हनून तर पिक्चरला घिऊन जायचो तुमाला. बगायचो, काय बोलताय का."

"आणि मी बघायचो, तुम्ही काय बोलताय का."

"मग पिक्चर कुनी पायला?" ते म्हणाले, आणि हसले. मला हसता आलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर मी म्हणालो, "मी गावात सांगतो. उद्याच पारावर सांगतो."

"न्हाय!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मी दचकलो. "त्या दिशी गाव दाराशी हुबं राह्यलं ते कशापायी? ह्यानं गोष्ट सांगितली म्हनून. उद्या कळलं न्हाय सांगितली, तर मंग मी कोन? मला आनि माझ्या बायकोला हितंच ऱ्हायचंय. तुमचं मन हलकं करायला माझं दार उगडं टाकू नका मास्तर."

 गाव दिसायला लागल्यावर ते आपणहून म्हणाले, "ठाण्यात रोज वदवून घ्यायचे. एक मुन्शी लिहून घ्यायचा. सांग किस्सा. मला कुठं पुरा येत व्हता? तुमच्या तोंडून एकदाच ऐकलेला. कालच्यापरीस जरा चुकलो की फटका. मुगुट पडला की म्हनायचे, बस. पुना पयल्यापासून."

यानंतर आम्ही बार्शीला गेलो नाही. मी एकटा एक सिनेमा पाहून आलो. चांगला होता असं लोक म्हणतात. माझ्या उजवीकडची खुर्ची कुणा तरी तंबाखू मळणाऱ्या माणसानं घेतली होती, आणि पडद्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

राज्य जाऊन वर्ष झालं त्या दिवशी गावात सभा ठरली. चावडीपुढं मांडव घातला. पाटलांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, चाचांना हार घालायचा. दोन शब्द तुमी बोला. तुमच्याशिवाय हाय कोन बोलनारं?" मी म्हणालो, माझा घसा बसलाय. पाटील म्हणाले, "मग बसक्या घशानं बोला."

मी उभा राहिलो. समोर सगळं गाव. चाचा खुर्चीवर, धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात जी भीती होती ती मी ओळखली. मी आजवर फक्त माझ्याच छातीत ती पाहिली होती. कुणी माझ्याकडं अशा नजरेनं पाहील असं कधी वाटलं नव्हतं. मी एकच वाक्य बोललो. "चाचांना ठाण्यात फार मारलं. हे खरं आहे." आणि बसलो.

लोकांना वाटलं गहिवर आला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, "चाचा, ती गोष्ट सांगा की! राजाची!" मग सगळेच. "व्हय, सांगा, सांगा!"

चाचा नाही म्हणाले, दोनदा नाही म्हणाले. मग उठले. आणि सांगायला लागले.

मी आयुष्यात बरंच काही ऐकलं आहे, पण असं नाही. तो माझाच आवाज होता. गाडीत मी जसं बोललो होतो, शब्दाला शब्द. जिथं मी श्वास घेतला होता तिथं ते श्वास घेत होते. कचेरीच्या पायऱ्या, टेबलाखालचा नाकेदार, सगळं जागच्या जागी. लोक पोट धरून हसत होते. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावत होत्या. ती एक-एक ओळ त्यांनी कुठं पाठ केली होती, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. एकदा एक शब्द त्यांचा मागं-पुढं झाला आणि त्यांचा खांदा आपोआप आक्रसला. लोकांना वाटलं, नक्कल करतायत. आणखी हसले.

मुगुट पायऱ्यांवरून खाली आला. चाचा थांबले.

"पुढं?" पाटील म्हणाले.

चाचा उभेच. ते इतके थकलेले दिसत होते की मला वाटलं खाली बसतील. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता त्या नजरेत भीती नव्हती. दुसरं काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

"फुडचं मास्तरला इचारा," ते म्हणाले. "पिक्चर त्यांनी पायलाय."

माना माझ्याकडं वळल्या. हसू काहींच्या तोंडावर अजून तसंच होतं. मी उठलो. धोतराचा सोगा हातात आला होता, तो सोडून दिला.

"पुढं काही नाही," मी म्हणालो. "राजाच्या मुलीचं लग्न होतं. दोन गाणी होतात. संपतो."

कुणी तरी हसलं आणि आपण एकटंच हसतोय हे कळून गप्प झालं. पाटलांनी काठी मांडीवर आडवी धरली. ते सावकाश बोलतात.

"मास्तर, तुमी कवा पायला ह्यो पिक्चर?"

"गाडीच्या दिवशी. दुपारी. मी एकट्यानं पाहिला, आणि गाडीत मीच सांगितला. चाचा शेजारी बसून ऐकत होते. अमिनाला त्यांचं नावसुद्धा मी सांगितलं."

 बायकांच्या बाजूनं चाचांची बायको उठून उभी राहिली होती. पाटील माझ्याकडं बघत राहिले, मग चाचांच्या हाताकडं, आणि मग पुन्हा माझ्याकडं.

"मग ह्येंनी मार तर खाल्लाच की," ते म्हणाले. "हार त्येंच्याच गळ्यात ऱ्हाऊ द्या." आणि मला म्हणाले, "तुमी बसू नका मास्तर. हुबं ऱ्हावा."

सभा संपेपर्यंत मी उभा होतो.